खेळ नंतर, आधी मोकळा वेळ : खलाशी आणि गिरणी कामगारांसाठी झटणारे ना. म. जोशी

समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसाला काम संपल्यावर काय करायचं हा प्रश्न पडतोच. चारी बाजूंना पाणी, तीच माणसं, तीच भांडी, तोच इंजिनाचा आवाज. म्हणून आज बहुतेक मोठ्या जहाजांवर करमणुकीची एक खोली असते. तिथे कॅरम असतो, टेबल टेनिस असतं, टीव्ही असतो, कुठे व्हिडिओ गेमही असतो.

ही खोली बघून वाटतं, कंपनी चांगली दिसते, माणसांची काळजी घेते. पण त्या खोलीमागे शंभर वर्षांचं भांडण आहे. कामकऱ्याची करमणूक ही मालकाची मेहरबानी की त्याचा हक्क, असं ते भांडण. आणि ते भांडताना ज्यांनी उभं आयुष्य खर्ची घातलं, त्यांत आपल्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगावचा एक माणूस होता.

नारायण मल्हार जोशी. मुंबईत लोअर परळला उतरलं की ज्या रस्त्यावर पाय पडतो, तो ना. म. जोशी मार्ग यांच्याच नावाचा. जुन्या लोकांसाठी तो डिलाईल रोड. रस्ता लाखो लोकांना माहीत आहे, माणूस मात्र फार थोड्यांना.

महाडचा मुलुख आणि मुंबईची वाट

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. भारताचे अर्थमंत्री आणि रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी या नात्यात जन्मले. महाडच्या उत्तरेला, आजच्या माणगाव तालुक्यात गोरेगाव आहे. तिथे देशमुखांच्या आधी सतरा वर्षं, ५ जून १८७९ रोजी ना. म. जोशी जन्मले. तेव्हा हा सगळा मुलुख कुलाबा जिल्ह्यात मोडायचा.

या भागाची एक जुनी रीत आहे. भाताची खाचरं लहान, डोंगर मोठा, पाऊस चार महिने आणि बाकीचे आठ महिने हाताला काम नाही. त्यामुळे घरातला एक तरी माणूस बाहेर जायचा. कुणी पलटणीत, कुणी मुंबईच्या गिरणीत, कुणी आगबोटीवर. सावित्रीच्या खाडीतून, दासगाव-बाणकोटच्या वाटेनं माणसं मुंबईला पोचायची. गिरणीत गेलेला गावकीच्या खोलीत पथारी टाकायचा. बोटीवर गेलेला वर्षा-दोन वर्षांनी परत यायचा.

जोशी या वाटेनं मजूर म्हणून गेले नाहीत. ते शिकायला पुण्याला गेले, १९०१ साली पदवीधर झाले आणि काही वर्षं त्यांनी शिक्षकी केली. शिकलेला, शांत, बेताचं बोलणारा मास्तर, अशी त्यांची ओळख होती. तसंच आयुष्य सरळ पुढे गेलं असतं. पण १९०९ साली त्यांनी नोकरी सोडली आणि गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले.

या समाजाचा नियम साधा होता. संस्था जगण्यापुरतं देईल, त्यावर भागवायचं आणि आयुष्य सार्वजनिक कामाला द्यायचं. जोशींनी तो शेवटपर्यंत पाळला. पुढे सरकारने सी.आय.ई. हा किताब देऊ केला, तर तोही त्यांनी घेतला नाही.

परळमध्ये सुरू झालेला प्रयोग

१९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था सुरू झाली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते आणि रोजचं काम उभं करणारा माणूस होता ना. म. जोशी.

तेव्हाची गिरणगावातली परिस्थिती काय होती? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १८९० साली गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली होती. पण सुट्टीचा एक दिवस सोडला, तर बाकीचे सहा दिवस माणूस गिरणीतच असायचा. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. बारा तास ही त्या काळातली सुधारणा होती, यावरून आधीचे हाल कळतात. बारा तासांत जाण्या-येण्याचा वेळ धरला नाही. पाण्याची रांग धरली नाही. खानावळीतलं जेवण धरलं नाही. उरला तो वेळ झोपेचा.

त्या उरल्या वेळात माणूस जाणार कुठे? खोलीत दहा-पंधरा जण, पाळीपाळीने झोपणारे. बाहेर दारूचा गुत्ता. व्याजानं पैसे देणारा पठाण गिरणीच्या दारात उभा.

लीगने इथे काम सुरू केलं. रात्रशाळा काढल्या. वाचनालयं काढली, आणि जो वाचनालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत पुस्तकं नेणारी फिरती वाचनालयंही काढली. मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवून आरोग्याची व्याख्यानं दिली. सिनेमा अजून सर्वांच्या आवाक्यात आला नव्हता, तेव्हा पडद्यावर उमटणारं रंगीत चित्र ही चाळीतल्या माणसासाठी मोठी करमणूक होती. दवाखाने, पतपेढ्या, व्यायामशाळा, बैठे खेळ, नाटकाची आणि गाण्याची मंडळं असा हा पसारा वाढत गेला.

गिरणी मालकांनाही हे पटू लागलं. टाटांच्या आणि करीमभाई इब्राहिम यांच्या गिरण्यांच्या कामगारांसाठी कामगार संस्था निघाल्या, आणि त्या चालवायचं काम सोशल सर्व्हिस लीगकडे आलं. पैसे मालकाचे, व्यवस्था लीगची. परळला लीगच्या जागेत दामोदर हॉल उभा राहिला. कामगार रंगभूमीच्या कित्येक नाटकांनी त्याचा पडदा पाहिला. १९२४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचं कामही इथूनच सुरू झालं. तीन वर्षांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्याच्या आधीच्या हालचालींशी परळच्या या परिसराचं असं नातं आहे.

इथपर्यंतची गोष्ट एका भल्या समाजसेवकाची आहे. अशी माणसं त्या काळात आणखीही होती. जोशी वेगळे ठरले ते पुढच्या पायरीमुळे.

वाचनालयात माणसं का येत नाहीत?

बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री पुस्तक उघडतो तेव्हा काय होतं? त्याला झोप लागते. खेळाचं साहित्य आणलं, दिवा लावला, चटई अंथरली, तरी ज्याच्या अंगात त्राण नाही तो खेळायला बसणार नाही. आणि ज्याच्या मजुरीचा मोठा वाटा व्याजात जातो, त्याला पेटीच्या साथीवर गाणं सुचणार नाही.

कामगाराला सुविधा देण्याआधी त्या वापरण्याचा वेळ द्यावा लागतो. तो वेळ समाजसेवकाच्या हातात नसतो, वाचनालयाच्या देणगीदाराच्याही नसतो. तो गिरणीच्या भोंग्याच्या हातात असतो. भोंगा हलवायचा असेल तर कायदा हवा आणि कायदा हलवायचा असेल तर संघटना हवी. ना. म. जोशींच्या पुढच्या पस्तीस वर्षांच्या कामाचा सारांश या दोन वाक्यांत सांगता येतो.

१९१७ साली ‘ज्ञानप्रकाश’च्या वतीनं पत्रकारांच्या तुकडीबरोबर ते मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, जाऊन आले होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानी माणूस घरापासून हजारो मैलांवर पलटणीत, तळांवर आणि बोटींवर राबत होता. जगाच्या कामात आपली माणसं सगळीकडे होती, फक्त निर्णय घेणाऱ्यांच्या खोलीत नव्हती.

ती संधी १९१९ साली आली. महायुद्ध संपलं आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, म्हणजे आयएलओ, स्थापन झाली. तिची पहिली परिषद अमेरिकेत वॉशिंग्टनला भरली. इथे प्रत्येक देशातून सरकार, मालक आणि कामगार असे तिघांचे प्रतिनिधी जाणार होते. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने ना. म. जोशींना पाठवलं.

त्यावरून देशात ओरड झाली. माणूस चांगला असेल, पण कामगारांचा प्रतिनिधी सरकार कसं ठरवतं? आक्षेप रास्त होता. त्यातूनच देशभरच्या युनियन्सची एक शिखर संघटना असली पाहिजे या मागणीला जोर आला, आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे आयटक, स्थापन झाली. लाला लजपत राय पहिले अध्यक्ष झाले. ज्यांच्या नेमणुकीवरून ओरड झाली, ते जोशी १९२५ साली याच संघटनेचे सरचिटणीस झाले.

वॉशिंग्टनला आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा असा करार झाला. हिंदुस्थानसाठी मात्र वेगळं कलम होतं, आठवड्याला साठ तास. जगाला एक माप आणि आपल्याला दुसरं. तरी त्याच्या जोरावर १९२२ साली इथला कायदा बदलला आणि दिवसाला अकरा, आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. १९३४ साली ती दहा आणि चौपन्नवर आली. अठ्ठेचाळीस तास मिळायला १९४६ साल उजाडावं लागलं. वॉशिंग्टनमधला करार ते अठ्ठेचाळीस तास या प्रवासाला सत्तावीस वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक वर्षं जोशी मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या बाजूचे नेमलेले सभासद होते.

पाण्यावरचा कामगार

गिरणीचा भोंगा निदान वाजायचा तरी. बोटीवर भोंगा कुठे असतो?

ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या बोटींवर हिंदुस्थानी खलाशी हजारोंनी होते. त्यांना लास्कर म्हणत. डेकवर कोकण आणि गुजरातचे लोक, खाली बॉयलरपाशी कोळसा ओढणारे बरेचसे पंजाब आणि सरहद्दीकडचे, आणि प्रवाशांच्या जेवणखाणाच्या कामावर गोव्याचे. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या खाडीकाठच्या कितीतरी गावांत बोटीवर जाणं हा घराण्याचाच धंदा होता.

या माणसांचा करार वेगळा, पगार ब्रिटिश खलाशांच्या मानाने फारच कमी, निजायची जागा कमी. मुंबईत बोट मिळेपर्यंत राहायचं कुठे, तर गोव्याच्या लोकांनी गावागावांच्या कूड काढल्या होत्या, इतरांनी गोदीजवळच्या खोल्या धरल्या होत्या. आणि बोट मिळवायची तर सारंगाला नाही तर दलालाला पैसे चारायचे. ते पैसे कर्जाने काढायचे. म्हणजे माणूस बोटीवर चढायच्या आधीच कर्जात.

१९२० साली इटलीत जिनोआला खास समुद्री कामगारांसाठी आयएलओची परिषद भरली. जमिनीवर आठ तास झाले, तर समुद्रावर का नकोत, असा मुद्दा होता. कामाच्या तासांचा तो ठराव लागणारी दोन तृतीयांश मतं मिळवता मिळवता थोडक्यात पडला. भरतीतली दलाली बंद करावी, असा करार मात्र झाला. त्याच्या पाठोपाठ १९२२ साली हिंदुस्थान सरकारला खलाशांच्या भरतीची चौकशी करायला समिती नेमावी लागली. प्रत्यक्षात दलाली सुटायला पुढे फार वर्षं गेली.

ना. म. जोशी या काळात मुंबईच्या खलाशांच्या संघटनेशी जोडले गेले. गिरणी कामगारांची संघटना बांधण्यापेक्षा हे काम अवघड होतं. गिरणीचा कामगार रोज त्याच दारातून बाहेर येतो, त्याला गाठता येतं. खलाशी आज मुंबईत, महिन्याने लंडनला, त्यानंतर सिडनीला. सभा बोलवावी तर सभासद समुद्रावर. वर्गणी मागावी तर तो कर्जात. संपावर जावं तर बंदरात बोटीची वाट बघत बसलेले दुसरे शेकडो. म्हणून जोशींचा भर कायदेमंडळात प्रश्न विचारण्यावर, समित्यांपुढे बाजू मांडण्यावर आणि आयएलओच्या परिषदांवर राहिला. आयएलओच्या नियामक मंडळावरही ते बरीच वर्षं होते.

१९२४ साली जिनिव्हात आयएलओने कामगारांच्या मोकळ्या वेळाबद्दल एक शिफारस मंजूर केली. त्या शिफारशीतली एक गोष्ट महत्त्वाची आहे. मोकळ्या वेळात खेळ, वाचनालयं, बागा, व्याख्यानं असावीत, पण त्या वेळाचं काय करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, मालकानं नव्हे. त्यानंतर १९३६ साली बंदरांमधल्या खलाशांच्या कल्याणाबद्दल वेगळी शिफारस झाली. बंदरात उतरलेल्या कुठल्याही देशाच्या खलाशाला बसायला, खेळायला, वाचायला जागा असावी, असा तिचा रोख होता. परळला पंचवीस वर्षांपूर्वी लीगनं जे हातानं करून पाहिलं होतं, ते आता जगाच्या कागदावर आलं.

नात्याचा देशमुख, गोरेगावचा जोशी

१९३१ साली लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. गांधीजी गेले ती हीच. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे होते, त्यांच्यासोबत व्ही. व्ही. गिरी आणि बी. शिवराव होते. परिषदेच्या सचिवांमध्ये एक तरुण आयसीएस अधिकारी होता. तो म्हणजे नात्याचे चिंतामणराव देशमुख.

एकाच मुलुखातले दोघं एकाच परिषदेत, एक सरकारी कागद सांभाळणारा आणि दुसरा कामगारांची बाजू सांगणारा. देशमुख पुढे रिझर्व्ह बँकेत, अर्थखात्यात गेले आणि देशाच्या तिजोरीचा हिशेब त्यांनी पाहिला. जोशींनी माणसाच्या दिवसातल्या चोवीस तासांचा हिशेब पाहिला. पहिल्या हिशेबाची नोंद सगळीकडे आहे. दुसऱ्याचा फायदा आपण रोज घेतो आणि नोंद विसरतो.

दोन्हीकडून टीका

जोशींचा मार्ग सगळ्यांना पटला असं नाही. आणि त्यांच्या आयुष्यातला खरा पेच इथेच आहे.

१९२६ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाईल लेबर युनियन सुरू झाली. आदल्याच वर्षी साडेअकरा टक्के पगारकपातीविरुद्ध मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप होऊन कपात मागे गेली होती. मग १९२८ साली सहा महिन्यांचा प्रचंड संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. या संपात जोशी आणि कम्युनिस्ट नेते एका समितीत होते, पण त्यांचे रस्ते वेगळे होते. डांगे, निमकर, जोगळेकर यांची गिरणी कामगार युनियन याच संपातून वाढली. तिच्या झेंड्याखाली माणसं हजारोंनी गेली. जोशींची युनियन मागे पडली.

तरुण कार्यकर्त्यांना जोशी फार मवाळ वाटायचे. कायदेमंडळात भाषणं करून, समित्यांत बसून, मालकांच्या पैशांवर वाचनालयं चालवून क्रांती होते का, असा त्यांचा सवाल होता. वाचनालय आणि खेळ हे कामगाराला गप्प ठेवायचं साधन आहे, असाही आरोप व्हायचा. आणि तो अगदीच खोटा नव्हता. काही मालक खरंच त्यासाठी पैसे देत. संप टाळायला करमणूक स्वस्त पडते, हे त्यांना कळत होतं.

दुसरीकडे मालकांना आणि सरकारला जोशी डोईजड वाटायचे. कारण ते वाचनालयावर थांबत नव्हते. १९२१ साली त्यांनी कायदेमंडळात ट्रेड युनियनला कायद्याचं संरक्षण द्या असा ठराव मांडला. मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरणीच्या प्रकरणात संपाबद्दल पुढाऱ्यांना कोर्टात खेचलं गेलं होतं, ती घटना ताजी होती. त्याचा शेवट १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात झाला. बाळंतपणाच्या रजेसाठी त्यांनी १९२४ साली विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. पाच वर्षांनी मुंबई प्रांताने तसा कायदा केला.

१९२९ साली तडा गेला. सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं आणि जोशी त्याचे सभासद झाले. नागपूरला पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली आयटकचं अधिवेशन भरलं, तिथे या कमिशनवर बहिष्कार घालायचा ठराव बहुमताने झाला. ज्या संघटनेचे आपण सरचिटणीस, तिनेच आपल्या कामावर बहिष्कार घातला. जोशी आपल्या सहकाऱ्यांसह बाहेर पडले आणि त्यांनी वेगळा महासंघ काढला.

आज मागे वळून बघताना दोन्ही बाजूंचं खरं वाटतं. व्हिटली कमिशनचा १९३१ चा अहवाल हा त्या काळच्या कामगार जीवनाचा सर्वांत मोठा दस्तऐवज ठरला आणि पुढचे कित्येक कायदे त्यातून आले. पण १९२८ सारखे संप झाले नसते तर सरकारला कमिशन नेमायची गरजच वाटली नसती, हेही तितकंच खरं. रस्त्यावरचा दबाव आणि सभागृहातलं कलम, दोन्ही लागलं. फक्त दोन्ही करणारी माणसं एकमेकांना सहन करू शकली नाहीत.

जोशींच्या बाजूने एक गोष्ट सांगावी लागेल. ते कडवट झाले नाहीत. दुफळी मिटवायला दहा वर्षं लागली. १९४० साली दोन्ही तुकडे परत एकत्र आले, तेव्हा दोघांना चालेल असा सरचिटणीस म्हणून पुन्हा जोशींचंच नाव पुढे आलं. साठी ओलांडलेल्या जोशींनी ते काम १९४८ पर्यंत केलं.

युद्धनौका, कँटीन आणि १९४६

दुसऱ्या महायुद्धात जहाजावरच्या माणसांच्या करमणुकीला वेगळंच महत्त्व आलं. त्याची एक गंमतशीर शाखा अमेरिकेत फुटली. १९४० साली हवाईतल्या होनोलुलूमध्ये स्टँडर्ड गेम्स नावाची कंपनी निघाली. तिथल्या लष्करी तळांवर सैनिक आणि नौसैनिक वाढत होते, त्यांच्यासाठी नाणं टाकून चालणारी यंत्रं पुरवायची, हा तिचा धंदा. युद्धानंतर त्याच मंडळींनी सर्व्हिस गेम्स काढली. इथे सर्व्हिस म्हणजे लष्करी सेवा. १९५१ साली अमेरिकेत जुगाराच्या यंत्रांवर कायद्याने बंधनं आली, तेव्हा त्यांनी जपानमधल्या अमेरिकी तळांकडे मोर्चा वळवला. सर्व्हिस आणि गेम्स या दोन शब्दांच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून नाव पडलं सेगा. व्हिडिओ गेमवाली सेगा तीच. १९६६ साली तिचं गाजलेलं आर्केड यंत्र आलं त्याचं नाव पेरिस्कोप, आणि खेळ होता पाणबुडीतून जहाजं बुडवायचा.

म्हणजे अमेरिकी सैनिकाच्या मोकळ्या वेळावर एक अख्खा उद्योग उभा राहिला. कारण त्याच्याकडे मोकळा वेळ होता आणि खिशात नाणं होतं.

आपल्याकडच्या नौसैनिकाची त्याच काळातली गोष्ट वेगळी आहे. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ या नाविक तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या नौसैनिकांनी कामावर जायला नकार दिला. वाईट जेवण आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या ही ठिणगी होती. बघता बघता कराचीपासून कलकत्त्यापर्यंत उठाव पसरला. ७८ जहाजं, २० तळ आणि सुमारे वीस हजार नौसैनिक त्यात उतरले.

त्यांच्या मागण्यांत राजकीय कैद्यांच्या सुटकेसारखे मोठे मुद्दे होते. पण त्याच यादीत चांगलं जेवण होतं, ब्रिटिश नौसैनिकांइतका पगार होता, आणि त्यांच्यासारखी कँटीनची सोय होती. एकाच समुद्रावर एकाच शत्रूशी लढलेल्या दोघांपैकी एकाला कँटीन आणि दुसऱ्याला खडे असलेला भात, हे आता चालणार नव्हतं. जिनोआत १९२० साली जो प्रश्न अर्धवट राहिला होता, तोच इथे बंदूक हातात असलेल्या माणसांनी विचारला.

२२ फेब्रुवारीला गिरणगाव त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागच्या रस्त्यांवर माणसं उतरली, गोळीबार झाला. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. डिलाईल रोडच्या आजूबाजूच्या चाळींतला कामगार कुलाब्याच्या नौसैनिकासाठी मेला, ही साधी गोष्ट नाही. पाण्यावरच्या आणि जमिनीवरच्या कामकऱ्याचं दुखणं एकच आहे, हे ना. म. जोशी वीस-पंचवीस वर्षं सभागृहात मांडत होते. त्या दिवशी ते रस्त्यावर दिसलं. काँग्रेस आणि लीगच्या पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून २३ तारखेला नौसैनिकांनी माघार घेतली.

अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याचा कायदा याच १९४६ सालचा.

पुढे काय झालं?

स्वातंत्र्यानंतर कामगार चळवळ पक्षापक्षांत वाटली गेली. १९४७ साली काँग्रेसच्या आशीर्वादाने इंटक निघाली. आयटकमध्ये कम्युनिस्टांचा जोर वाढला. सगळ्यांना एकत्र ठेवू पाहणाऱ्या जोशींना दोन्हीकडे जागा उरली नाही. १९४८ साली त्यांनी सरचिटणीसपद सोडलं. ३० मे १९५५ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. मागे इस्टेट नव्हती. परळला सोशल सर्व्हिस लीग होती आणि कायद्याच्या पुस्तकांत कितीतरी कलमं होती.

आणि जहाजावरची खोली? २००६ साली आयएलओने समुद्री कामगारांचे सगळे जुने करार एकत्र करून मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन तयार केलं. ते २०१३ साली जगात लागू झालं आणि २०१५ साली भारताने मान्य केलं. त्यात कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांची सक्ती आधी येते. मग राहण्याची जागा, जेवण आणि करमणूक. मार्गदर्शक कलमांत तर यादीच दिली आहे. वाचनालय, खेळाचं साहित्य, टेबलावर आणि डेकवर खेळायचे खेळ, टीव्ही, चित्रपट, कॉम्प्युटर. युद्धनौकांना हा करार लागू नाही, तिथे प्रत्येक नौदल आपापले नियम करतं. पण व्यापारी जहाजावर चढणाऱ्या कोकणातल्या पोराला ती खोली आता कॅप्टनच्या मनावर अवलंबून मिळत नाही.

त्या यादीत क्रम महत्त्वाचा आहे. जहाजावर खेळाचं यंत्र आणून ठेवणं सोपं असतं. क्रेनने उचललं, खोलीत ठेवलं, वायर जोडली की झालं. अवघड असतं ते त्या यंत्रासमोर बसायला लागणारा एक तास खलाशाच्या दिवसात तयार करणं. ना. म. जोशींनी परळच्या चटईवर खेळ मांडून बघितले, माणसं पेंगताना बघितली, आणि मग उरलेलं आयुष्य तो एक तास मिळवण्यात घालवलं.